संगणकाचे दार आणि मुलांची अमानत

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद कायम चालतो. कोणता संगणक सुरक्षित? एक सहकारी म्हणतात, विंडोज म्हणजे व्हायरसचे घर. दुसरे सांगतात, मॅकला काही होत नाही. लिनक्स वापरणारे तरुण सर गालातल्या गालात हसतात. मी भाषेचा शिक्षक. पण दोन वर्षे शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मलाही थोडे बोलायचे आहे.

12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा हल्ला झाला. विंडोजमध्ये फाइली एकमेकांना देण्याची एक जुनी सोय आहे. तिच्यातल्या चुकीमुळे हा विषाणू कोणी काही क्लिक न करताच नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. दीडशे देशांत तो पोहोचला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रियासुद्धा पुढे ढकलाव्या लागल्या. दोष विंडोजचा होताच. पण त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती घेतली, ते वाचले.

मग बाकीचे निर्धास्त आहेत का? 2012 मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक गाठले. जावामधील त्या चुकीची दुरुस्ती इतरांना आधी मिळाली, अ‍ॅपलने ती उशिरा दिली. लिनक्सची रचना मला आवडते. घरगुती वापराचे उबुंटू नव्याने टाकले, तर बाहेरून आत येण्याची दारे बहुतेक बंदच असतात. तरीही 2016 मध्ये ‘मिराई’ने लिनक्सवर चालणारे हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता.

म्हणून माझे मत असे की, नावापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. नको ती दारे बंद आहेत का, आणि दुरुस्ती वेळेवर येते का?

आमच्या कक्षात विंडोज 7 ची विनापरवाना प्रत होती. बसवणाऱ्याने अपडेट बंद करून ठेवले होते, नाहीतर ‘ही प्रत अस्सल नाही’ असा संदेश येतो. या विंडोजची मोफत दुरुस्ती तर 14 जानेवारी 2020 लाच थांबली. आणि याच संगणकावर आम्ही मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होतो! आधार क्रमांक, बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, सगळे त्यातच. पालकांनी विश्वासाने हाती दिलेली ही अमानत आहे. आपण ती उघड्या दाराच्या खोलीत ठेवतो आणि वर चोरीचे कुलूप लावतो.

‘नवे घ्यायला पैसे कुठे आहेत?’ हा प्रश्न खरा आहे. पण केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मोफत लिनक्सवर शिकवतात. आम्हीही चार जुन्या यंत्रांवर ते टाकले. प्रिंटरने आठवडाभर छळले, पण उर्दू आणि मराठी दोन्ही टायपिंग नीट चालते, आणि दुरुस्ती फुकट मिळते.

आता विंडोज 10 ची नेहमीची मोफत दुरुस्तीही 14 ऑक्टोबर 2025 पासून संपली आहे. आपल्या शाळेत, मदरशात, दुकानात कोणती आवृत्ती चालते, ती शेवटची कधी अपडेट झाली, एवढे तरी आज पाहा. वाद नंतर घालू.