दोन गोळे, एक तळहात

दादाच्या घरी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये एक निळी पेटी कित्येक वर्षं होती. शिंपल्यांचा मोर, छोटा ताजमहाल आणि भाच्याला शाळेत मिळालेला कप, यांच्या शेजारी. पेटीत लाल मखमल आणि त्यात दोन गोळे, एकावर ड्रॅगन, दुसऱ्यावर फिनिक्स पक्षी. लहान मुलं आली की पेटी खाली निघायची, गोळे कानाशी हलवून किणकिण ऐकली जायची आणि पेटी परत वर जायची. ते हातात फिरवायचे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फिरवताना मात्र मी कुणालाही पाहिलं नव्हतं.

गेल्या आषाढात ओल्या जिन्यावर पाय घसरला. पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं, पण प्लास्टर निघालं तेव्हा समोर आलेला हात माझा वाटेना. बोटं लाकडासारखी. ब्लाउजचा हूक लागेना, किल्ली कुलपात जाई पण फिरेना, सुईत दोरा तर सोडूनच द्या. त्या वर्षी गणपतीत मोदकांच्या कळ्या वहिनीने पाडल्या आणि मी ताटासमोर नुसती बसून होते. दुखण्यापेक्षा ते बसणं मला जड गेलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी टॉवेल पिळायला लावला, कणकेचा गोळा दाबायला लावला, टेबलावर हात ठेवून एकेक बोट उचलायला लावलं. अनामिका उचलेचना. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "ताई, ती कुणाचीच धड उचलली जात नाही. तिचे दोर शेजारणींच्या दोरांना बांधलेले असतात." मग त्यांनी मला माझाच हात समजावून सांगितला. हातात मनगटासकट सत्तावीस हाडं, पण बोटांमध्ये त्यांना वाकवणारा एकही स्नायू नाही. बोटं मिटवणारे मोठे स्नायू कोपराजवळ बसतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे दोरांनी, बोटं ओढतात. कळसूत्री बाहुलीसारखंच. तळव्यात मात्र बारीक स्नायू असतात. काही हाडांच्या फटींत, आणि चार तर असे की ते हाडाला चिकटलेलेच नसतात, एका दोरातून निघून दुसऱ्या दोराला जाऊन मिळतात. बोट किती वाकवायचं आणि किती सरळ ठेवायचं, हा नाजूक हिशेब त्यांच्याकडे असतो. प्लास्टरमध्ये माझे नेमके हेच निजले होते.

दादाला फोनवर हे सांगितलं, तर पुढच्या रविवारी तो ती निळी पेटी घेऊनच आला.

"घे. इतकी वर्षं नुसती धूळ पुसतोय यांची."

"दादा, अरे शोकेस रिकामी दिसेल."

"दिसू दे."

बाईंना विचारलं. सूज उतरली आहे, हाड भरलं आहे, दुखेपर्यंत ताणायचं नाही, एवढ्या अटींवर त्यांनी होकार दिला. सांधे सुजलेले, तापलेले असताना किंवा बोटांना मुंग्या येत असताना हे गोळे हातात घेऊ नयेत, हेही त्यांनी बजावलं. ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण हा लेख वाचून कुणीतरी पेटी उघडेल.

हे गोळे बाओडिंगचे. बीजिंगच्या नैर्ऋत्येला, हपै प्रांतात हे जुनं शहर आहे. छिंग राजवटीत मोठ्या सुभेदाराची कचेरी तिथे होती आणि ती इमारत आजही उभी आहे. बाओडिंगची तीन रत्नं तिकडे लोकांच्या तोंडी असतात: लोखंडी गोळे, गव्हाच्या पिठापासून आंबवून केलेली दाट चटणी, आणि एका मोहरीच्या जातीच्या पाल्याचं लोणचं. त्या पाल्याचं नाव फार गोड आहे, 'वसंत म्हातारा होत नाही' असा त्याचा अर्थ. एका गावाने आपली ओळख सांगताना दोन तोंडी लावणी आणि एक हातात फिरवायची वस्तू निवडावी, हे मला फार आवडलं. राजवाडा नाही, लढाई नाही. रोजच्या हाताशी असणाऱ्या गोष्टी.

गोळ्यांचा उगम मिंग काळातला, म्हणजे 1368 ते 1644 च्या दरम्यानचा मानतात. आधी ते भरीव लोखंडाचे असत. पुढे पोकळ करून आत पातळ पट्टी बसवू लागले, त्यामुळे गोळा कलला की नाद उमटतो. जोडीतल्या एकाचा स्वर उंच, दुसऱ्याचा खालचा. यिन आणि यांग, ड्रॅगन आणि फिनिक्स ही जोडी इथूनच. बीजिंगमध्ये याच रीतीने अक्रोड फिरवायची हौस आहे. एकसारख्या खाचांची जोडी शोधायची आणि ती वर्षानुवर्षं तळहातात घोळवायची. हाताच्या तेलाने आणि घामाने अक्रोड हळूहळू लालसर, चकचकीत होतात. फिरवण्याच्या पद्धतीही दोन, एक अक्रोडाला अक्रोड लागू न देणारी शांत आणि दुसरी ते एकमेकांवर घासणारी. उद्यानातल्या बाकावर गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा एक हात आपल्या आपण चाललेला असतो.

आता प्रत्यक्ष कृती. उजवा तळहात उताणा, दोन्ही गोळे त्यावर. अंगठ्याने त्याच्याजवळचा गोळा बोटांकडे ढकलायचा. तो तर्जनीवरून करंगळीकडे निघतो, त्याच वेळी करंगळीकडचा गोळा तळव्याच्या गादीवरून अंगठ्याखाली येतो. एवढंच. पहिल्या दिवशी हे एकदाही जमलं नाही. मांडीवर जाड चादर घालून बसले होते म्हणून फरशी वाचली.

का जमत नाही, हे मी बरेच दिवस न्याहाळलं. आपण आयुष्यभर वस्तू *धरायला* शिकतो. तांब्या धरतो, विळी धरतो, पेन धरतो. इथे धरलं की खेळ थांबतो. एका गोळ्याला सोडायचं असतं आणि त्याच क्षणी दुसऱ्याला घ्यायचं असतं, तेही एकाच हाताने. कुठलंच बोट एकटं काम करत नाही. अंगठा ढकलतो तेव्हा करंगळीने वाट करून द्यावी लागते. अंगठ्याच्या बुडाशी खोगिरासारखा सांधा असतो, त्याच्यामुळे अंगठा सगळ्या बोटांसमोर येऊ शकतो. तो सांधा दिवसभरात इतका पूर्ण फिरतो असं दुसरं काम मला घरात सापडलं नाही. लहानपणी सागरगोटे खेळताना एक वर उडवून खालचे उचलायचे आणि वरचा झेलायचा, तेव्हा हात असंच काहीतरी करत असे.

हे इतकं अवघड आहे की यंत्रमानवांवर काम करणाऱ्यांनी ते परीक्षा म्हणून घेतलं. 2019 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या आणि गूगलच्या संशोधकांनी मानवी हातासारखा यांत्रिक हात, चोवीस सांध्यांच्या हालचालींचा, बाओडिंगचे गोळे फिरवायला शिकवला. सुमारे चार तासांच्या प्रत्यक्ष सरावात तो शिकला. 2022 च्या एका स्पर्धेत संगणकातल्या, एकोणचाळीस स्नायूंच्या हाताला हेच काम दिलं होतं. गोळ्याचा आणि तळव्याचा स्पर्श क्षणाक्षणाला बदलतो, दोन्ही गोळे मोकळे असतात आणि एक चूक झाली की सगळं खाली. हे वाचलं त्या रात्री मी माझ्या हाताकडे आदराने पाहिलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. हे गोळे हाताची *ताकद* वाढवतात असं सर्रास सांगतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझा एक गोळा पावणेदोनशे ग्रॅम भरला. ताकद वाढायला वजन वाढत जावं लागतं आणि गोळ्याचं वजन तर तेवढंच राहतं. अगदी लुळा पडलेला हात असेल तर सुरुवातीला तेवढ्यानेही फरक पडतो, मला पडला. पण भरलेली कळशी उचलता आली ती पिळलेल्या टॉवेलांमुळे आणि हळूहळू वाढवलेल्या पाण्याच्या बाटल्यांमुळे. पकडीच्या जोराला महत्त्व आहेच. 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात भारतासह सतरा देशांतल्या जवळपास 1,40,000 लोकांची पकड मोजली होती. पकड पाच किलोने कमी, तर मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. पकड हा साऱ्या शरीराच्या बळाचा आरसा आहे. आरसा पुसून चेहरा बदलत नाही, त्यामुळे जोरासाठी चालणं, उचलणं, ओढणं हवंच.

गोळ्यांनी दिलं ते वेगळं. हूक लागला, किल्ली फिरली, सुईत दोरा गेला. चिनी वैद्यक सांगतं की हातातून सहा वाहिन्या जातात आणि गोळ्यांनी त्या जाग्या होतात. मला ते मानावं लागलं नाही. आरशापुढे बसून गोळे फिरवले की कोपराखाली कातडीतळी स्नायू सरकताना दिसतात, माझा विश्वास त्या दिसण्यावर आहे.

कौशल्य किती आलं हे कानाने कळतं. आतल्या पट्टीची किणकिण वेगळी आणि गोळ्यावर गोळा आपटल्याचं खट् वेगळं. सुरुवातीला नुसतं खट् खट् खट्. रोज सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. दुसऱ्या महिन्यात ते घासत फिरू लागले. चौथ्या महिन्यात एकदा बोटं पुरेशी उघडली आणि पाच-सहा फेऱ्या ते एकमेकांना न शिवता फिरले. नुसती किणकिण, एक उंच, एक खाली. मी श्वास रोखून बसले होते. उलट दिशेला, म्हणजे अंगठ्याकडचा गोळा मनगटाकडे ओढून घ्यायला, आणखी दोन महिने गेले.

परवा अंगारकीला मोदक केले. एकवीस. पहिल्या चारांच्या कळ्या जाड आल्या, पाचव्यापासून उकड बोटांखाली ऐकू लागली. दादा जेवायला होता. एक मोदक हातात धरून त्याने कळ्या मोजल्या, अकरा, आणि म्हणाला, "आता पेटी परत देणार का?"

"नाही. डावा हात राहिलाय."

जेवणं झाल्यावर चादर मांडीवर घेतली. डावा तळहात उताणा, अंगठ्याने ढकललं. खट्. ड्रॅगन चादरीवर. उचलला, पुन्हा ठेवला. खट्.