लस, तरुण मुलगा आणि छातीतली कळ

अमेरिकेतून लेकाचा फोन येतो, ‘आई, परवा लस घेतली, छातीत दुखतंय.’ लगेच आपण म्हणतो, गॅस असेल, ओवा खा! मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. २०२१ साली इस्रायल आणि अमेरिकेत दिसून आलं, की फायझर किंवा मॉडर्नाच्या कोविड लशीनंतर क्वचित कुणाच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. बहुधा १२ ते २९ वयाचे मुलगे, दुसरा डोस आणि पहिला आठवडा. (आपल्याकडच्या कोव्हिशील्ड नि कोव्हॅक्सिन निराळ्या जातीच्या, बरं का.)

छातीत दुखणं, धाप, धडधड असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला सांगा. लशीची तारीखही सांग म्हणावं. कार्डिओग्राम काढतात, रक्तात ट्रोपोनिन पाहतात. बहुतेकांना थोडे दिवस देखरेख, सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि विश्रांती पुरते.

खरी पंचाईत पुढेच! बरं वाटलं की पोरं बॅट घेऊन धावतात. पण सुजलेल्या हृदयावर ताण पडला तर ठोके बिघडतात, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून ३ ते ६ महिने खेळ, व्यायामशाळा बंद. डॉक्टर पुन्हा तपासतील तेव्हाच मैदान. लशीवर राग नको, खुद्द कोविडनेही ही सूज येते. पुढचा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच.