जागल कुणी हौसेने करत नाही

मा. संपादक,

‘शेतकऱ्यांनी रात्री शेतात जाऊ नये, नुकसानभरपाई घ्यावी’ हे आपल्या मागील अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कुंपणात थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे. त्यात वाघ मरतो, रानडुक्कर मरते आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. त्याची बाजू मी घेणार नाही.

पण ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात हरभरा घाट्यावर आला की डुकरांचा कळप एका रात्रीत सबंध बांधी उकरून टाकतो. रोही आले तर शेंडेच राहत नाहीत. भरपाईला सातबारा लागतो. ठेक्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याने काय करावे? म्हणून तो मचाणावर जागतो, वाघाची भीती असूनही.

उपाय आहे. सौरकुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र तारेखालचे गवत सतत कापावे लागते. ओले गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जिरतो. शिवाय एकट्याने कुंपण केले तर कळप शेजारच्या वावरात शिरतो. म्हणून अनुदान एकेका अर्जदाराला न देता सलग शिवाराला द्यावे, देखभालीचा खर्च त्यातच धरावा आणि ठेक्याने शेती करणाऱ्याचा पंचनामा ग्रामसभेच्या दाखल्यावर मान्य करावा, अशी माझी मागणी आहे.

– एक शेतकरी, जि. चंद्रपूर