शेजारच्या शाळेचे उत्तरदायित्व

अंबरनाथ पूर्वेला पसरलेली, कागदोपत्री ‘अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र’ या नावाने ओळखली जाणारी आनंदनगरची वसाहत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभी केली. भूखंडांचे वाटप, रस्ते आणि पाणीपुरवठा ही कामे महामंडळ पाहते. मात्र शाळा काढणे आणि चालवणे हे त्याचे काम नाही. कारखान्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराचे कुटुंब वसाहतीच्या आसपास ज्या चाळीत किंवा खोलीत राहते, ती जागा नगरपरिषदेच्या हद्दीत येते की जिल्हा परिषदेच्या, यावर त्याच्या मुलाच्या शाळेची जबाबदारी कोणाची हे ठरते. त्या मुलाला हद्दीची रेषा ठाऊक नसते आणि बहुधा त्याच्या पालकांनाही नसते. परंतु सार्वजनिक शिक्षणाची नवी शाळा, नवे धोरण आणि नवा निधी या तिन्ही गोष्टी त्या रेषेच्या आधारानेच पुढे सरकतात किंवा अडून राहतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या शिक्षणाचा विचार म्हणूनच इमारतींच्या संख्येपासून सुरू न करता उत्तरदायित्वाच्या प्रश्नापासून सुरू करणे आवश्यक आहे.

या तीन शहरांची वाढ एकसारखी झालेली नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींमध्ये आसरा मिळाला, त्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले आणि आज अवघ्या १३ चौरस किलोमीटरच्या आसपासच्या क्षेत्रात हे दाट शहर उभे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती. त्याच जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर गेलेली दिसते, तर २००१ मध्ये एक लाखाच्या आत असलेले बदलापूर दहा वर्षांत १ लाख ७४ हजारांवर पोहोचलेले दिसते. मुंबईतील घरांच्या किमती न परवडणारी कुटुंबे मध्य रेल्वेच्या मार्गाने याच दिशेने सरकत राहिली. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झालीच नाही आणि त्यामुळे आज या शहरांत शाळेच्या वयाची मुले किती, याचा अधिकृत आधार दीड दशक जुना आहे. उल्हासनगरमध्ये नवी शाळा बांधण्यास मोकळी जागा नाही, तर बदलापुरात नव्या इमारतींच्या रांगा आधी उभ्या राहतात आणि शाळेचा विचार नंतर होतो. एकाच परिसरातील या दोन परस्परविरोधी अडचणी एकाच शासकीय निकषाने सुटणाऱ्या नाहीत.

प्रशासनाच्या रचनेतही असेच चढउतार झाले आहेत. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात समाविष्ट होते. १९९२ मध्ये ही दोन्ही शहरे वेगळी होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या, आणि १९९६ मध्ये उल्हासनगरला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. शिक्षणापुरते पाहिले तर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखाली नगरपालिकांच्या क्षेत्रात ‘शिक्षण मंडळे’ काम करीत असत. प्राथमिक शाळांचा कारभार पाहण्यासाठी नेमलेली ही स्वतंत्र मंडळे शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१३ मध्ये मोडीत काढण्याचा निर्णय राज्याने घेतला आणि त्यांचे अधिकार पालिकांकडे गेले. याउलट अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार पाहणारे मंडळ मतदार स्वतंत्रपणे निवडून देतात आणि त्या मंडळाला आपला अर्थसंकल्प लोकांसमोर मांडावा लागतो. महाराष्ट्रातील शिक्षण मंडळांवर राजकीय सोयीच्या नेमणुकांचा आरोप होत असे आणि तो निराधार नव्हता. तरीही शाळांविषयी जाब विचारण्याचे एक ठिकाण त्यांच्या रूपाने होते. पुढे अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये, तर उल्हासनगर महानगरपालिकेची २०२२ मध्ये संपली, आणि नव्या निवडणुका होईपर्यंतची काही वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात जाब विचारण्याचे दुसरे ठिकाणही, म्हणजे पालिकेची शिक्षण समिती, अस्तित्वात नव्हते.

जबाबदारी कोणाची याबाबत कायदा मात्र संदिग्ध नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने, म्हणजेच शिक्षण हक्क कायद्याने, ‘स्थानिक प्राधिकरण’ अशी संज्ञा वापरली असून तिच्यात महानगरपालिका, नगरपरिषद आणि जिल्हा परिषद या सर्वांचा समावेश होतो. या अधिनियमाच्या कलम ९ नुसार शेजारची शाळा, म्हणजे नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साधारण एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असलेली शाळा, उपलब्ध करून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हेही त्याचेच कर्तव्य आहे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारीही याच कलमाने त्याच्यावर टाकली आहे. आनंदनगरसारख्या औद्योगिक वसाहतीच्या दृष्टीने शेवटची तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तेथील कामगारांपैकी अनेक कुटुंबे परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेली असतात, भाड्याची खोली बदलली की मुलाची शाळाही बदलते, आणि घरची भाषा शाळेच्या माध्यमाशी जुळतेच असे नाही.

नव्या शाळेची खरी सुरुवात विकास आराखड्यात होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या आराखड्यात शाळा, क्रीडांगणे, दवाखाने यांसाठी जमिनी राखून ठेवल्या जातात आणि या राखीव जमिनीलाच ‘आरक्षण’ म्हणतात. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालकाला खरेदीची सूचना देता येते, आणि त्या सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होऊन जमीन मालकाला इतर वापरासाठी मोकळी होते. संपादनासाठी पैसा नाही, मोबदल्यात द्यावयाच्या हस्तांतरणीय विकास हक्कावर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात अन्यत्र जादा बांधकाम करण्याच्या परवानगीवर, एकमत होत नाही, आणि फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात जात असताना मुदत संपते. एकदा रद्द झालेले शाळेचे आरक्षण दाट वस्तीच्या शहरात पुन्हा मिळत नाही, म्हणून आरक्षणांच्या मुदतीची यादी हा नगररचना विभागापुरता तांत्रिक कागद न मानता पालकांच्या हिताचा दस्तऐवज मानला पाहिजे.

इमारत उभी राहिली तरी शिक्षक मिळतीलच असे नाही, कारण शिक्षकांची पदे ‘संचमान्यता’ या वार्षिक प्रक्रियेतून ठरतात. ३० सप्टेंबर रोजी शाळेच्या पटावर असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या पाहून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते मंजूर करणे म्हणजे संचमान्यता. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. अलीकडे या मोजणीत आधार क्रमांकाची पडताळणी झालेले विद्यार्थीच धरले जातात. एखाद्या मुलाच्या आधारवरील नावातील एक वेलांटी शाळेच्या नोंदीशी जुळत नसेल, तर ते मूल रोज वर्गात बसते, हजेरीपत्रकावर त्याच्या नावापुढे खूण होते, शालेय पोषण आहारात ते जेवते, पण शिक्षकाच्या पदासाठी त्याची मोजणी होत नाही. दिवाळीनंतर गावाकडून परतलेल्या कामगाराचे मूलही त्या वर्षीच्या मोजणीबाहेर राहते. ज्या वस्तीत मुलांची ये-जा सर्वाधिक आणि कागदपत्रे सर्वांत अपुरी, तिथल्या शाळेलाच शिक्षक कमी मिळण्याची शक्यता या पद्धतीत अंगभूत आहे, आणि तिचा पहिला फटका मराठीबरोबरच हिंदी, सिंधी यांसारख्या लहान पटाच्या माध्यमांना बसतो.

निधीच्या बाबतीत नागरिकांचा समज असा असतो की सरकारी शाळा सरकार चालवते. वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची आहे. तीनही शहरांतील मालमत्ताधारकाला येणाऱ्या कराच्या देयकावर ‘शिक्षण कर’ अशी वेगळी ओळ असते. १९६२ च्या शिक्षण व रोजगार हमी उपकराच्या कायद्यानुसार हा कर स्थानिक संस्था गोळा करते, पण तो राज्याच्या तिजोरीत भरावा लागतो. निवासी मालमत्तेपेक्षा अनिवासी मालमत्तेला त्याचा दर अधिक असतो, त्यामुळे कारखान्यांच्या शहरातून या कराची भर सहज पडू शकते. राज्याकडून शिक्षकांच्या वेतनासाठी अनुदान परत येते, तर इमारत, दुरुस्ती, पाणी आणि स्वच्छतागृहे यांचा भार मुख्यतः पालिकेवर राहतो. केंद्र आणि राज्य यांच्या ६०:४० वाट्याने चालणाऱ्या समग्र शिक्षा योजनेत दोनशे विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाकाठी ५० हजार रुपयांचे संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. विजेचे देयक, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता हे सर्व त्यात बसवायचे, म्हणजे प्रत्येक मुलामागे वर्षाला २५० रुपये. शाळेच्या रोजच्या चालण्याला किती तुटपुंजा आधार आहे, ते या एका आकड्यावरून दिसते.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांकडून गोळा होणारा कर त्यांच्याच मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही याकडे बोट दाखवले होते. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, मात्र शाळांचे व्यवस्थापन पूर्णपणे त्यांच्या हाती न सोपवता शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा कोणाचा, खर्च कोणी करायचा आणि देखरेख कोणाची, हे तीन प्रश्न त्यांनी जितके स्वच्छपणे वेगळे केले, तितके ते आजच्या व्यवस्थेत वेगळे राहिलेले नाहीत.

सार्वजनिक व्यवस्था मागे राहिली तेथे खासगी शाळांनी जागा घेतली, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने, म्हणजे शासनाचे अनुदान न घेता शुल्कावर चालणाऱ्या शाळांना परवानगी देणाऱ्या कायद्याने, त्यांच्या वाढीला गती दिली. अशा शाळांतील प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवणे शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक केले आहे. त्याची प्रतिपूर्ती म्हणून राज्याने प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये हा दर ठरवला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियमांत दुरुस्ती करून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे असे शासनाला म्हणायचे असेल, तर ती शाळा पुरेशी करून दाखवणे हा एकच प्रामाणिक मार्ग आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२०-२१ पासून केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू केल्यावर त्यांच्या जागांसाठी सोडत काढावी लागली, यावरून पालकांचा विरोध सार्वजनिक शाळेला नसून तिच्या दुरवस्थेला आहे हे सिद्ध होते.

धोरण केवळ कागदावर राहिल्यास काय होते, याचा सर्वांत वेदनादायी धडा याच परिसराने राज्याला दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका खासगी शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तक्रार नोंदवून घेण्यातील दिरंगाईने लोकांचा संताप अनावर झाला आणि २० ऑगस्ट रोजी बदलापूर स्थानकात रेल्वे कित्येक तास रोखली गेली. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या शासन निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी आणि ‘सखी सावित्री समिती’ यांची सक्ती केली. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळा पातळीवर नेमायच्या या समितीचा शासन निर्णय मात्र मार्च २०२२ मध्येच निघालेला होता. नियम होता, तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. शाळा खासगी असली तरी ते पाहण्याची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेचीच होती.

या सर्वांवर उपाय म्हणून आणखी एक योजना जाहीर करण्याची गरज नाही. तीनही स्थानिक संस्थांनी दरवर्षी अर्थसंकल्पासोबत शिक्षणाचा स्वतंत्र ताळेबंद प्रसिद्ध करावा, एवढी मागणी पुरेशी आहे. हद्दीत शाळेच्या वयाची मुले किती, त्यांपैकी पटावर किती, आधार न जुळल्याने मोजणीबाहेर किती, शिक्षकांची मंजूर आणि भरलेली पदे किती, शाळांसाठीच्या कोणत्या आरक्षणाची मुदत केव्हा संपते, शिक्षण कर किती गोळा झाला आणि शाळांवर खर्च किती झाला, हे सर्व त्यात असावे. औद्योगिक वसाहतींच्या सीमेवरील वस्त्यांसाठी नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी मुलांची एकत्रित नोंद करावी. कायद्याने प्रत्येक शासकीय आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली असून तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. शासकीय शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार याच समितीला आहे. जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा पालकांनी आपल्या मुलाच्या शाळेतील या समितीची बैठक केव्हा होते ते विचारावे, तिला उपस्थित राहावे आणि वरील प्रत्येक आकडा लेखी मागावा, कारण जो हिशेब कोणी मागत नाही तो कोणतीही यंत्रणा आपणहून देत नाही.