उपजत कुणालाच येत नाही

मागच्या जुलैमधली गोष्ट. मी नागपूरहून विमानानं मुंबईला येत होते. सुटण्याआधी कॅप्टनची घोषणा झाली, आवाज बाईचा होता. शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "चला, आता रामाचं नाव घ्या!" आजूबाजूचे दोघं-तिघं खिदळले. मुंबईत धो धो पाऊस. चाकं धाडकन टेकली आणि गृहस्थांनी निकाल देऊन टाकला, "बघा, म्हटलं नव्हतं?"

मैत्रिणींनो, मी गप्प बसले, कारण उत्तर ठाऊक नव्हतं. नंतर ते शोधून काढलं. भर पावसात धावपट्टीवर विमान अलगद उतरवायचं नसतं. अलगद टेकलं तर चाकं पाण्याच्या थरावरच तरंगतात आणि ब्रेक लागत नाहीत. म्हणून ती जरा ठासून टेकवायची, म्हणजे पाणी बाजूला सरतं आणि रबर जमिनीला भिडतं. गृहस्थ ज्याला बाईचा धांदरटपणा समजले, ते बहुधा तिचं कसब होतं!

'बायकांना यंत्रातलं उपजत कळत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. मग विमान चालवायचं मूलभूत कौशल्य असतं तरी काय, ते एकदा पाहूच या. सरळ उडणं, वर चढणं, खाली उतरणं आणि वळणं, एवढंच. शिकाऊ वैमानिकाचे पहिले कित्येक तास यातच जातात. कारण यातलं बरंचसं माणसाच्या उपजत बुद्धीच्या उलट आहे. वळताना हातातला दांडा नुसता कलवून भागत नाही. पायानं रडरही त्याच बाजूला दाबावा लागतो, नाहीतर विमानाचं नाक भलतीकडेच ओढलं जातं. ढगात शिरलं की कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय खोटं सांगू लागतं. विमान कललेलं असताना सरळ असल्याचा भास होतो. तिथं शरीराचं ऐकायचं नाही, समोरच्या उपकरणांचं ऐकायचं.

सगळ्यांत मोठा धडा स्टॉलचा. समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन साधारण १५ अंशांच्या पलीकडे गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो, विमान उचलून धरणारं बळ ढासळतं आणि ते खाली जाऊ लागतं. अशा वेळी प्रत्येकाचा हात दांडा आपल्याकडे ओढू पाहतो. करायचं असतं नेमकं उलट. दांडा पुढे ढकलून नाक आणखी खाली करायचं. पडत असताना नाक खाली करणं कुणाला उपजत येणार? पुरुषालाही नाही.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं बुजल्या, स्वयंचलित यंत्रणा सुटली, विमान स्टॉलमध्ये गेलं, आणि दांडा मात्र बराच काळ मागेच ओढलेला राहिला. २२८ माणसं गेली. वैमानिक तिघंही पुरुष होते. तेव्हा 'पुरुषांच्या हाती विमान देऊ नका' असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. चौकशीत दिसलं की इतक्या उंचीवर हातानं विमान सांभाळण्याचा सरावच त्यांना दिलेला नव्हता. त्यानंतर जगभर प्रशिक्षण बदललं. पुरुष चुकला तर प्रशिक्षण सुधारायचं, आणि बाईचं विमान जरा आदळलं तर सगळी बाईजात नालायक ठरवायची, हा कुठला न्याय?

कौशल्य म्हणजे सराव, आणि सराव म्हणजे तास. ज्याला तास मिळतात त्याला विमान येतं. घरातली सायकल आधी भावाच्या हाती जाते, स्कूटर त्याच्या, ट्रॅक्टर त्याचा. मग 'हिला चालवता येत नाही' म्हणायला सगळे मोकळे! व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो. मुलासाठी शेत गहाण पडतं. मुलीसाठी तेवढेच पैसे लग्नाला राखून ठेवलेले असतात.

ज्यांना तास मिळाले त्यांनी काय केलं? १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं, तेव्हा सगळा चमू बायकांचाच होता. आज जगात वैमानिकांमध्ये बायका जेमतेम ५-६ टक्के आहेत, भारतात त्याच्या दुपटीहून जास्त. भारतीय बाईचा मेंदू काय निराळा आहे? हवाई दलानं १९९४ मध्ये बायकांना मालवाहू विमानं दिली, लढाऊ विमानं मात्र २०१६ मध्ये. मधल्या २२ वर्षांत बाईचे हातपाय बदलले की साहेबांचं मन?

आणि 'बाईचा हात पोचत नाही, पाय पोचत नाहीत' ही सबब? अमेरिकेच्या हवाई दलानं १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट 'सरासरी' पुरुषाच्या मापानं बांधलेलं होतं. दहा मापांत सरासरी भरणारा त्यात एकही पुरुष निघाला नाही! मग काय केलं? पुरुषांना घरी नाही पाठवलं. पुढे-मागे, वर-खाली सरकणाऱ्या खुर्च्या केल्या. पुरुष बसत नसेल तर खुर्ची बदलायची, बाई बसत नसेल तर बाई बदलायची, हा कारभार आता पुरे.

दरवर्षी ८ मार्चला विमान कंपन्या 'सर्व महिला' उड्डाणं करतात, गुलाबाची फुलं वाटतात, फोटो छापून आणतात. उरलेले ३६४ दिवस काय? शुल्कात सवलत, मुलींसाठी शिष्यवृत्त्या, बाळंतपणानंतर पुन्हा सरावाचे तास, पाळणाघराच्या वेळा सांभाळणारं ड्युटीचं वेळापत्रक, हे मागितलं की 'तुम्हाला समान वागणूक हवी ना?' असं ऐकवतात. समान वागणूक म्हणजे समान तास, बाईसाहेब म्हणून केलेला सत्कार नव्हे.

त्या गृहस्थांसारखा कुणी पुन्हा भेटला तर मी गप्प बसणार नाही, तुम्हीही बसू नका. आणि घरातली सायकल, स्कूटर, ट्रॅक्टर आजच मुलीच्या हाती द्या. पडेल, खरचटेल, शिकेल. मुलगेही तसेच शिकतात.