'गोरे गोरे' कुणाचं?

स्नेहसंमेलनाच्या गाण्यांची यादी निघाली की आमच्या हर्सूलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हे आपलं नाही." उर्दू माध्यमाचे पालक म्हणतात, मराठी माध्यमाचेही म्हणतात. मी त्यांना 'गोरे गोरे ओ बांके छोरे'ची गोष्ट सांगतो.

हे गाणं १९५० च्या 'समाधी' चित्रपटातलं. चाल घेतली 'चिको चिको' या अमेरिकी गाण्यावरून, जे १९४५ च्या 'डॉल फेस' चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायलं होतं. आपल्याकडे ती आणली सी. रामचंद्र यांनी, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. आवाज लता मंगेशकर आणि विजापूरकडच्या अमीरबाई कर्नाटकी यांचे. त्या काळात चितळकरांच्या सोबतीला गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट असत. आणि चित्रपटाचा विषय कोणता? सुभाषबाबूंची आझाद हिंद सेना! देशभक्तीच्या चित्रपटात परकी चाल वाजली, म्हणून देशभक्ती काही कमी झाली नाही.

चाल कुठून घेतली हे सांगायलाच हवं. ते लपवणं गैर. पण घेणंच गैर असेल तर मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचं काय करायचं? तो शब्दही फारसीतून आला आणि मराठीत मुरला. आपल्याच औरंगाबादच्या वलीने दखनी आणि फारसीच्या मेळातून गझल घडवली.

म्हणून मुलांना गाणं जरूर निवडू द्या. ते चांगलं आहे का, हे विचारा. कुणाचं आहे, हे विचारलंत तर उत्तर ऐकण्याचीही तयारी ठेवा. ते बहुधा लांबलचक निघेल.