प्रश्नानंतरचे तीन सेकंद

या महाविद्यालयातून बी.ए. होऊन मी बी.एड.ला गेले, त्याचे हे दुसरे वर्ष. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला फळ्यासमोर उभे करण्याआधी वर्गाच्या मागच्या भिंतीशी बसवतात. हातात निरीक्षणाची वही असते, समोर कुणा अनुभवी शिक्षकाचा तास चाललेला असतो, आणि आपण तो पाहायचा असतो. असे पुष्कळ तास मी पाहिले. पाहता पाहता एक मत बनत गेले. ते आपल्या वार्षिकात मांडावेसे वाटले, कारण आपल्यापैकी बरेचजण उद्या शिक्षक होणार आहेत, आणि जे होणार नाहीत तेही आज वर्गातच बसलेले आहेत. मत असे, की आपल्या वर्गांत प्रश्न भरपूर विचारले जातात, पण उत्तर शोधायला वेळ दिला जात नाही. आणि तो दिला जात नाही तोवर अध्ययनाची सारी तत्त्वे वहीतच राहतात.

तत्त्वे आम्हांला तोंडपाठ असतात. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठिणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. हर्बार्टची पंचपदी, जिच्या पायऱ्या खुद्द हर्बार्टने चारच सांगितल्या होत्या आणि पाच त्याच्या अनुयायांनी केल्या. थॉर्नडाइकचे सिद्धता, सराव आणि परिणाम हे तीन नियम. यांतल्या सरावाच्या नियमाची कथा तर मोठी मौजेची आहे. १९३० च्या सुमारास थॉर्नडाइकने माणसांना डोळे झाकून चार इंच लांबीची रेघ काढायला सांगितले. एकदा नव्हे, शेकडो वेळा. रेघ बरोबर आली की चुकली, हे मात्र त्यांना कळू दिले नाही. इतक्या रेघा काढूनही त्यांच्यात सुधारणा झाली नाही. नुसत्या आवृत्तीने माणूस शिकत नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आणि आपला नियम दुरुस्त केला. आमच्या उत्तरपत्रिकांत तो नियम अजून बिनदुरुस्त उभा आहे, आणि शाळांतून ‘हे उत्तर दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षाही उभी आहे. असो.

निरीक्षणाच्या आमच्या वहीत रकाने आहेत. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, प्रश्नांची संख्या, प्रश्नांचे वितरण, फलकलेखन, शैक्षणिक साहित्य, वर्गनियंत्रण. रकाने भरता भरता तासिका संपते. प्रश्न किती विचारले ते मोजले जाते, कोणत्या बाकांकडे विचारले तेही पाहिले जाते. पण प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबले, यासाठी रकाना नाही. मी समासात तो आखून घेतला आणि मनातल्या मनात आकडे म्हणू लागले. बहुतेक वेळा माझे ‘एक’ म्हणून व्हायच्या आतच पुढले काहीतरी घडलेले असे. एकतर पहिल्या बाकावरच्या कुणाचा तरी हात वर गेलेला असे, नाहीतर शिक्षकांनीच उत्तराचे पहिले अक्षर उच्चारलेले असे.

ही पहिल्या अक्षराची रीत आपल्याकडची खास आहे. शिक्षक शब्द अर्धा म्हणतात आणि वर्ग तो सामुदायिक रीतीने पुरा करतो. एका तासाला बाईंनी विचारले, “पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्या गतीला काय म्हणायचं? परि...” अर्धा वर्ग ओरडला, “वलऽऽन!” आणि उरलेला अर्धा ओरडला, “भ्रमऽऽण!” दोन्ही शब्द ‘परि’नेच सुरू होतात, एक स्वतःभोवती फिरण्याचा आणि दुसरा सूर्याभोवती. शेवटचा ‘न’ आणि ‘ण’ त्या गजरात असे मिसळून गेले, की बाईंना ते एकच उत्तर वाटले. “बरोब्बर!” म्हणून त्या पुढे गेल्या. माझ्या वहीत या प्रसंगाची नोंद ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्साही’ अशी होऊ शकली असती, आणि ती खोटीही ठरली नसती.

आता एक दुसरा तास सांगते. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, म्हणजे दुष्काळी बाजूच्या एका शाळेत आम्ही गेलो होतो. एकाच दिवशी दोन तुकड्यांना दोन शिक्षकांनी पावसाचा एकच घटक शिकवला. दोघांनी प्रश्नही जवळजवळ एकच विचारला: महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग तेवढ्याच जवळच्या आपल्या माण-खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास का? पहिल्या तुकडीत एक चुणचुणीत मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, “सर, पर्जन्यछायेचा प्रदेश!” सरांनी शाबासकी दिली, शब्द फळ्यावर लिहिला, आणि तासिका सुरळीत पार पडली. पण त्या मुलाने सांगितले ते नाव होते. कारण त्याला कुणी विचारलेच नाही.

दुसऱ्या तुकडीतही असाच एक हात ताडकन वर गेला होता. तिथल्या बाईंनी त्या मुलाकडे पाहून नुसते हसून घेतले, खडू टेबलावर ठेवला आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. वर्गही गप्प. खरे सांगायचे तर मागे बसून मलाच अवघडल्यासारखे झाले. मग आणखी दोन हात वर आले, आणि शेवटी खिडकीकडच्या बाकावरून एक मुलगी, हात वर न करताच, म्हणाली, “ढग घाटावरच रिकामं हुत्यात बाई. इकडं येस्तवर नुसता वाराच ऱ्हातो.” चारदोन मुले तिच्या बोलीला हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचे वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिले आणि विचारले, “घाटावरच का रिकामे होतात?” मग वारा सह्याद्री चढताना थंड होतो, त्यातल्या बाष्पाचा पाऊस होतो, आणि अलीकडे उतरताना तोच वारा कोरडा नि उबदार होतो, हे सारे मुलांकडूनच, अडखळत, हळूहळू निघाले. ‘पर्जन्यछाया’ हा शब्द अगदी शेवटी, त्या मुलीच्या वाक्याच्या शेजारी लिहिला गेला.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे म्हणतात ते हेच, असे मला वाटते. पण ज्ञात मुलाच्या मनात असते, आणि ते बाहेर यायला अवधी लागतो. ज्या मुलाच्या घरात पुस्तकी भाषा बोलली जाते त्याला तो कमी लागतो. जिला आपले उत्तर आधी मनात जुळवायचे आणि मग शाळेच्या भाषेत बसवायचे असते, तिला दुप्पट लागतो. आपण मात्र एकाच सेकंदात दोघांची परीक्षा घेऊन टाकतो आणि एकाला हुशार, दुसरीला मंद ठरवतो. मंद हा शिक्का लागलेली मुले किती, आणि नुसती उशिरा बोलणारी किती, याचा हिशेब आपल्या शाळांनी कधी मांडलेला नाही.

हा केवळ माझा ग्रह नव्हे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतले तास ध्वनिमुद्रित करून हेच मोजले आणि १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नानंतर शिक्षक सरासरीने सुमारे एक सेकंद थांबत. तेच थांबणे तीन सेकंदांवर किंवा अधिक नेले, की मुलांची उत्तरे लांब होत, ‘माहीत नाही’चे प्रमाण घटे, मुले आपणहून बोलू लागत, आणि शिक्षकांनी मागासलेली समजलेली मुलेही बोलण्यात भाग घेत. त्यांना आणखीही एक गोष्ट आढळली, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले: हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक अधिक थांबत, आणि ज्यांना गरज जास्त त्यांच्यासाठी कमी.

वर्गातल्या आंतरक्रियेचे मापन करण्याची नेड फ्लँडर्स यांची पद्धत आमच्या अभ्यासक्रमात आहे. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे याचा एक आकडा लिहायचा. एकूण दहा गट. सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, आणि दहावा ‘शांतता किंवा गोंधळ’. मला या दहाव्या गटाचे नेहमी नवल वाटते. विचार करणाऱ्या वर्गाची शांतता आणि बाकावरची मारामारी, दोन्हींना एकच आकडा! मापनाच्या सोयीसाठी ते केले असेल, पण आपल्या मनातही नेमके तसेच झाले आहे. वर्ग गप्प झाला, की आपण काहीतरी बिघडले असे समजतो आणि ती पोकळी बोलून भरून काढतो.

ही घाई शिक्षकांच्या अंगी येते कुठून? माझ्या मते तिचे एक मूळ आमच्या प्रशिक्षणातच आहे. सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा असतो, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते आमचेच वर्गमित्र. पदवीधर मंडळी पाचवीची मुले होऊन बसतात. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते, आपल्या मित्राचा पाठ चांगला व्हावा अशी सदिच्छाही असते, त्यामुळे प्रश्न संपायच्या आत दहा हात वर. या लयीची कानाला सवय होते, आणि तीच लय घेऊन छात्राध्यापक खऱ्या वर्गात जातो. तिथे हात वर येत नाहीत. मग तो प्रश्न सोपा करतो, आणखी सोपा करतो, शेवटी पहिले अक्षर सांगतो.

यावर शाळेतल्या शिक्षकांचे म्हणणे मी ऐकले आहे. अभ्यासक्रम मोठा, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, मुले साठ. “ताई, तुम्ही पुस्तकातलं बोलता,” असे एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला शिक्षककक्षात प्रेमाने सुनावले. साठ मुलांचे म्हणणे खरे आहे आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देता येणार नाही. पण वेळेचा हिशेब करून पाहावा. एका तासिकेत वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला तीन सेकंद दिले, तर होते एक मिनिट. हजेरीला याहून अधिक लागतात.

मात्र थांबणे म्हणजे मुलाला उभे करून ठेवणे नव्हे. “येत नाही ना? उभा राहा, आठवेपर्यंत उभा राहा,” यातही शांतता असते आणि ती तीन सेकंदांहून पुष्कळ लांब असते; पण त्या शांततेत मूल उत्तर शोधत नाही, जमीन शोधते. त्या बाईंचे थांबणे वेगळे होते. त्यांनी प्रश्न कुणा एकाच्या अंगावर फेकला नव्हता, तो सगळ्या वर्गापुढे ठेवला होता, आणि घाईने उठणाऱ्यालाही प्रेमाने थोपवले होते.

हे सारे परदेशी संशोधनातूनच शिकायला हवे असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे चारायला जाणारी मुले शाळेच्या वेळेला शाळेत येऊ शकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मग शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा. मुलाची लय शाळेने ओळखायची, ही दृष्टी आपल्याच मातीत आहे. कुरणापर्यंत जाणे साऱ्यांना जमणार नाही. प्रश्न आणि पुढले वाक्य यांच्यामध्ये तीन सेकंद सोडणे जमण्यासारखे आहे.

आता प्राध्यापक मंडळींची क्षमा मागून एक सांगते. शाळेतल्या शिक्षकाला निदान प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याच्या पाठाला कुणीतरी मागे बसून रकाने भरते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी नेट-सेट लागते, पण पाठ घेऊन दाखवावा लागत नाही, आणि मागच्या भिंतीशी निरीक्षक कधी नसतो. तासाच्या शेवटी “काही शंका?” हा प्रश्न येतो खरा, परंतु तो येतो तेव्हा पुस्तक मिटलेले असते आणि एक पाय व्यासपीठावरून खाली उतरलेला असतो. आम्ही विद्यार्थीही काही कमी नाही. कुणी शंका विचारलीच तर घंटा झाल्याचे त्याला कोपराने सुचवतो.

माझी एक साधी सूचना आहे. येत्या सत्रात एखाद्या विभागाने आपण होऊन, महिन्यातून एक तास, एका विद्यार्थ्याला मागे बसवून प्रश्नानंतरचे सेकंद मोजू द्यावेत. नाव नको, गुण नकोत, अहवाल नको. कागद त्या प्राध्यापकांच्याच हाती द्यावा. सुरुवात मराठी विभागापासून करायला हरकत नाही. तिथली मागची बाके मला चांगली ठाऊक आहेत, आणि त्यांवरून घड्याळही स्पष्ट दिसते.